मला वाटलेच होते

काही महिन्यांपूर्वी आमच्या मंडळाच्या बैठकीत सुरतेच्या २००६ मधील महापुराच्या आठवणींचे वाचन झाले. घटनेला दोन दशके होत आली, तेव्हा शाळेत जाणारी मुले आता संसारी झाली. आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात ही कल्पना चांगलीच होती. नऊ सभासदांनी आपापले लेख वाचले. कुणाच्या घरात पाणी पंख्यापर्यंत चढले होते, कुणी सहकुटुंब तीन दिवस गच्चीवर काढले होते. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ९ ऑगस्टला, ऐन पुरात आली. दाराशी भाऊ येण्याऐवजी दुधाच्या पिशव्या घेऊन नाव आली, हे एका भगिनीने सांगितले तेव्हा सारे सभागृह हेलावले. लेखनाच्या दृष्टीनेही दोन-तीन लेख सरस होते. मात्र ऐकता ऐकता एक वाक्य माझ्या कानाला खुपू लागले. शब्द निरनिराळे असत, पण वाक्य तेच असे : ‘मला वाटलेच होते.’ नऊपैकी सात लेखांत ते होते. त्या सातांत माझाही लेख होता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

इतक्या जणांना वाटलेच होते, तर अडाजण, रांदेर, कतारगाम, नानपुरा येथील तळमजल्यांवरचे सामान वर का गेले नाही? गाड्या आवारातच का उभ्या राहिल्या? उकाई धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्यूसेकच्या पुढे गेले आणि शहराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग बुडाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सारे चहा पीत बातम्या ऐकत होतो. ज्याला खरोखर वाटले होते, तो चहा पीत बसला नसता. मग हे ‘वाटणे’ आले कोठून?

आपली बुद्धी निर्णय घेताना कोणत्या आडवाटांनी जाते, याचा अभ्यास मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात चिकाटीने केला आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या जोडीचा १९७४ चा निबंध हा त्या अभ्यासाचा पाया मानला जातो. सहज आठवते तेच वारंवार घडते असे समजणे, पहिल्याने कानावर पडलेल्या आकड्याला दावणीला बांधल्यासारखे त्याच्याभोवतीच फिरत राहणे, आपल्या मताला दुजोरा देणारा पुरावा तेवढा वेचणे, अशा सवयींची यादी आता बरीच लांबली आहे. त्या यादीतील एका नोंदीला आपल्याकडे जुना शब्द आहे. तो म्हणजे पश्चातबुद्धी. पण हा शब्द आपण थोड्या निराळ्या अर्थाने वापरतो. नंतर सुचलेले शहाणपण, एवढाच त्याचा आपल्या मनातला अर्थ. ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण त्याच घरातली. त्यात निदान एक प्रामाणिकपणा आहे, कारण झोपा नंतर केला, हे म्हण कबूल करते. मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेला प्रकार याहून अवघड आहे. शहाणपण नंतर सुचते आणि ते आपल्याजवळ आधीपासूनच होते, अशी आपली मनोमन खात्री पटते. बैल गेल्यावर बांधलेला झोपा मुळात होताच, असे मालक शपथेवर सांगू लागतो. आणि तो खोटे बोलत नसतो, हीच यातली मेख आहे.

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेयट या दोघांनी याची परीक्षा १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये पेकिंग आणि मॉस्को येथे जाणार होते. दौऱ्यापूर्वी इस्रायलमधील विद्यार्थ्यांना विचारले गेले, की निक्सन आणि माओ यांची भेट होईल का, दौरा यशस्वी म्हणून जाहीर होईल का. आणि प्रत्येक गोष्टीची शक्यता किती, ते आकड्यांत लिहून घेतले. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना, आपण तेव्हा काय लिहिले होते ते आठवून सांगण्यास सांगितले. ज्या गोष्टी घडल्या, त्यांना आपण अधिक शक्यता दिली होती असे बहुतेकांना आठवले. ज्या घडल्या नाहीत, त्यांना कमी. परीक्षेतला कळीचा भाग प्रश्न नव्हेत, आधी लिहून घेतलेला कागद होय. तो कागद नसता, तर प्रत्येक विद्यार्थी मोठा दूरदर्शी ठरला असता.

मला या लेखात मानसशास्त्र शिकवायचे नाही, तो माझा अधिकारही नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की आत्मचरित्र, आठवणी, बखर, चरित्र हे जे वाङ्मयप्रकार आपण प्रेमाने वाचतो, ते सारे नंतर लिहिलेले असतात. मग त्यांच्या वाचनात या कागदाचा शोध आपण कधी घेतो का? आपली समीक्षा आत्मचरित्रकार खरे बोलतो की खोटे, एवढेच पाहत आली. तो प्रामाणिकपणे चुकीचे आठवत असेल, आणि ती चूक एका ठरावीक दिशेनेच होत असेल, ही शक्यता ती फारशी विचारात घेत नाही.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पानिपतचे आहे, आणि ते केवळ इतिहासाचे नाही, भाषेचेही आहे. ‘पानिपत झाले’ म्हणजे पुरता निकाल लागला, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण १७६० च्या मार्चमध्ये परतूडच्या छावणीत उत्तरेकडच्या मोहिमेचा विडा उचलला गेला, तेव्हा पानिपत हे एका दूरच्या गावाचे नाव होते. आपण तो प्रसंग वाचतो ते भाषेनेच शेवट आधी सांगून ठेवलेल्या अवस्थेत. त्यामुळे सदाशिवरावभाऊ बोलू लागला की त्याच्या प्रत्येक वाक्यामागे आपल्याला १४ जानेवारी १७६१ ऐकू येते.

‘भाऊसाहेबांची बखर’ मराठी गद्याचे लेणे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिची रचना पाहावी. बुणगे मागे ठेवावेत, जड तोफखान्याच्या भरवशावर राहू नये, गनिमी काव्याने लढावे, हा मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचा सल्ला भाऊ मानीत नाही. आणि वाचकाला तेथेच पुढच्या सर्वनाशाचे बीज दिसते. बखरकाराला शेवट ठाऊक असल्याने आधीच्या असंख्य सल्ल्यांतून नेमका हाच सल्ला उजळून निघतो. मानला गेलेला चुकीचा सल्ला किंवा नाकारलेला वाईट सल्ला बखरीत फारसा उरत नाही. आणखी एक पाहावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत भाऊने उदगीरला निजामाचा पराभव केला होता, आणि त्यात तोफखान्याचा मोठा वाटा होता. उदगीरपर्यंत ज्या गुणाला आपण आत्मविश्वास म्हणतो, त्यालाच पानिपतानंतर गर्व म्हणतो. माणूस तोच, तोफाही त्याच. मधल्या काळात बदलला तो फक्त निकाल. ऑक्टोबरात कुंजपुरा सर झाला, त्या संध्याकाळी छावणीतील एखाद्या कारकुनाने घरी पत्र लिहिले असेल, तर त्यात गर्व हा शब्द खचितच नसेल.

अशी पत्रे आपल्यापुढे आणण्याचे श्रेय वि. का. राजवाडे यांचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती आणि सोबत राजवाड्यांची ती प्रदीर्घ प्रस्तावना, जिने बखरींच्या विश्वसनीयतेला सुरुंग लावला. मला त्या खंडाचे महत्त्व इतिहासापुरते वाटत नाही. मराठी वाचकाला ‘आधी लिहिलेला कागद’ आणि ‘मागाहून रचलेली हकीकत’ यांतला भेद प्रथम ठसठशीतपणे दिसला तो तेथे. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा पाठवा, शत्रूची रसद तोडा, म्हणून पुन्हा पुन्हा लिहितो, तेव्हा त्या पत्रांत शेवट ठाऊक असलेला नायक नसतो. खर्चाची ओढाताण, पाऊस, नदीचा उतार आणि न आलेली उत्तरे यांत गुरफटलेला एक माणूस असतो. सरकारी नोकरीत ज्याने वसुलीची स्मरणपत्रे लिहिली आहेत, त्याला तो माणूस लगेच ओळखू येईल.

गंमत अशी, की बखरींवर तुटून पडणारे राजवाडे त्याच प्रस्तावनेत भाऊला सोडवून दोषाचे माप होळकर आणि गोविंदपंत यांच्या पदरात घालतात. आरोपी बदलला, खटला उलट्या दिशेने चालवण्याची रीत तीच राहिली. शेवटापासून मागे जायचे, वाटेत जो भेटेल त्याला धरायचे. एवढा मोठा संशोधक, समोर पत्रांचा ढीग, तरी हे घडले. यावरून ही सवय किती खोल आहे ते कळते.

म्हणी या बाबतीत फारच सोयीच्या. एखाद्याने झटपट निर्णय घेतला आणि तो फळला, तर ‘शुभस्य शीघ्रम्’. फसला, तर ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’. निकाल कोणताही लागो, शहाणपण तयार. असो.

सुरतेत बसून आत्मचरित्राविषयी लिहायचे आणि नर्मदाशंकरांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. आमलीरानमधील त्यांच्या घरावरून जाताना आम्हा मराठी मंडळींनाही आपलेपणा वाटतो. कवी नर्मद यांचा जन्म १८३३ चा. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्या आश्रयाने जगण्याचा निश्चय केला. विधवाविवाहाचा पुरस्कार, महाराजांशी वाद, ‘दांडियो’ पत्र हा त्यांचा झुंजार काळ. ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र त्यांनी १८६६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी लिहिले. ते सर्वांपुढे आले मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी. उत्तरायुष्यात नर्मदांचे विचार पालटले. सुधारणेचा हा कडवा पुरस्कर्ता आर्यधर्माच्या परंपरेकडे वळला, त्याची साक्ष ‘धर्मविचार’ या १८८५ च्या पुस्तकात मिळते. लगेच पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या क्रमाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नर्मदांच्या या परिवर्तनावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बराच भाग, परिवर्तनाची बीजे तरुणपणातच होती, असे सांगणारा आहे. पण ‘मारी हकीकत’ लिहिणाऱ्या नर्मदांना ‘धर्मविचार’ लिहिणारा नर्मद भेटलेला नव्हता. तेहतिसाव्या वर्षी आत्मचरित्र लिहिणे याला आपल्याकडे आगाऊपणा म्हणतील. माझ्या मते त्या पुस्तकाचे मोल त्या आगाऊपणातच आहे. शेवट ठाऊक नसल्यामुळे लेखकाला आपल्या आयुष्याची मांडामांड एका ठरलेल्या मुक्कामाकडे करता आली नाही. स्वतःचा भित्रेपणा, भपक्याची हौस, पैशाची उधळ, हे त्यात जसेच्या तसे पडून आहे, कारण त्याचे पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. हेच पुस्तक त्यांनी १८८५ मध्ये लिहिले असते, तर विधवाविवाहाच्या वादाच्या प्रकरणात ‘तेव्हाही माझ्या मनात कोठेतरी शंका होतीच’ असे एखादे वाक्य आले नसते, अशी हमी मी देणार नाही.

मग उतारवयात लिहिणाऱ्याने काय करावे? लिहूच नये काय? तसे म्हटले तर मराठीला ‘स्मृतिचित्रे’ गमवावे लागेल. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. म्हणजे मध्ये चाळीस वर्षे गेली होती आणि लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती होऊन आयुष्याच्या अखेरीस पोहोचल्या होत्या. पती धर्म सोडून गेला हा त्या वेळचा आकांत, नंतरच्या श्रद्धेच्या चष्म्यातून पाहून त्याला ईश्वरी योजनेतील पहिली पायरी ठरवणे त्यांना किती सोपे होते! तसे लिहिणे कोणाला खोटेही वाटले नसते. पण पुस्तकातली तेव्हाची लक्ष्मी सोवळे पाळते, विटाळाला भिते, रडते, रागावते. आपणही एक दिवस त्याच वाटेने जाणार आहोत, याचा तिला गंधही नाही. लिहिणारी बाई तिला आपले नंतरचे शहाणपण उसने देत नाही, उलट मिश्किलपणे तिच्याकडे पाहते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक सारेच करतात. मला तो विनोद निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. आपण तेव्हा अज्ञानी होतो, हे हसून मान्य करता आले तरच ते अज्ञान कागदावर शाबूत राहते. पुष्कळ मोठ्या पुरुषांची आत्मचरित्रे या एका बाबतीत फारशा न शिकलेल्या या बाईच्या पासंगाला पुरत नाहीत.

येथे कानेमान यांच्या २०११ मधील सुप्रसिद्ध ग्रंथाविषयी थोडे लिहितो, कारण आजकाल तो व्यवस्थापनाच्या वर्गांपासून वाढदिवसाच्या भेटींपर्यंत सर्वत्र आढळतो. विचार करण्याच्या दोन रीती, एक झटपट आणि एक सावकाश, अशी त्याची मांडणी आहे. आणि पश्चातबुद्धीवर त्यात उत्तम विवेचन आहे. ग्रंथ मोठा आहे, पण त्याच्या वाचकांविषयी माझी एक तक्रार आहे. तो वाचून झालेला माणूस प्रथम स्वतःकडे न पाहता बायकोकडे, वरिष्ठांकडे आणि सरकारकडे पाहतो. चुकांची नावे कळली की त्या दुसऱ्याच्या अंगावर डकवायला लेबले मिळतात. ग्रंथकार स्वतः मात्र असा नव्हता. त्याच्या चौथ्या प्रकरणात आधार घेतलेले काही प्रयोग पुढे डळमळीत ठरले. तेव्हा, २०१७ मध्ये, अपुऱ्या संख्येच्या प्रयोगांवर आपण प्रमाणाबाहेर विश्वास टाकला, असे त्याने उघडपणे मान्य केले. थोड्या नमुन्यांवरून मोठे निष्कर्ष काढण्याच्या मोहावर याच लेखकाने ट्वर्स्कीसह १९७१ मध्ये निबंध लिहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कबुलीची किंमत कळते. कानेमान २०२४ मध्ये वारले. त्यांच्या ग्रंथातील सिद्धान्तांइतकीच ही कबुली वाचकांनी जपून ठेवावी असे मला वाटते.

लेबले डकवण्याचे काम आमच्या शहराने फार मन लावून केले आहे. १९९४ च्या सप्टेंबरात, गणेशविसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले असतील, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. काही लाख माणसे शहर सोडून गेली. उधना, लिंबायत भागांतील आपले खानदेशी यंत्रमाग कामगार मिळेल त्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे निघाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. सुरतेतील मृतांचा आकडा अखेर पन्नासच्या आसपास थांबला. तेव्हापासून त्या पळापळीची चेष्टा करण्याची प्रथा पडली आहे. पन्नास माणसे दगावली आणि लाखो पळाले, हे अविचाराचे नमुनेदार उदाहरण म्हणून सांगितले जाते. परंतु स्थानकावर मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा पन्नासचा आकडा कोणी सांगितला होता? साथ औषधाला दाद देईल, आठवड्यात ओसरेल, हे त्याला कसे कळावे? त्याच्या कानावर आलेला आकडा शेकड्यांचा होता आणि प्लेग या शब्दामागे त्याच्या आजीने सांगितलेल्या गोष्टी होत्या. तो चुकला असेल. पण आपण त्याला तोलतो ते त्याच्या हाती नसलेल्या वजनांनी.

बारा वर्षांनी पूर आला आणि त्याच शहरातील माणसे घरातून हलली नाहीत. १९९८ च्या सप्टेंबरात तापीला मोठा पूर आला होता, सुमारे सात लाख क्यूसेकचा. त्या पाण्याची खूण प्रत्येकाच्या मनात कोरलेली होती : आमच्या आवारात घोट्यापर्यंत, समोर पायरीपर्यंत, मागच्या गल्लीत नाहीच. २००६ मध्ये सारे शहर त्या खुणेच्या भरवशावर निजले. नंतर त्यांनाही हसून झाले : एवढी सूचना असून माणसे बसून राहिली! जे पळाले ते भेकड, जे राहिले ते निष्काळजी. दोन्ही वेळा हसणारे एकच, आणि दोन्ही वेळा निकाल हाती आल्यावर हसणारे.

याच सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या वेळी येथे होते आणि या कार्यात त्यांचे सहकारी होते. मेहताजींनी मंत्रतंत्र करणाऱ्यांना, तुमचे सामर्थ्य आहे ना, मग ते चारचौघांत करून दाखवा, असे जाहीर आव्हान दिले. मांत्रिकाची सारी प्रतिष्ठा घडून गेलेल्या गोष्टीचे कारण नंतर सांगण्यावर उभी असते; आधी बोला, म्हटले की तो अडचणीत येतो. हे आव्हान आपण मांत्रिकांपुरते मर्यादित ठेवले, एवढेच.

आता माझ्या स्वतःच्या लेखाकडे येतो. बैठकीत मी वाचलेल्या आठवणीत असे होते : रविवारी, ६ ऑगस्टला, माझ्या मेहुण्यांचा भुसावळहून फोन आला. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आहेत, तापी दुथडी भरून चालली आहे, तुमच्याकडे जपून राहा, असे ते म्हणाले. आणि मी तेव्हाच मनाशी ओळखले, की या वेळचे लक्षण काही ठीक नाही. हा प्रसंग मी इतकी वर्षे इतक्या जणांना सांगितला आहे, की मेहुण्यांचा आवाजही मला ऐकू येतो. बैठकीनंतर, सात जणांना एकच वाक्य कसे सुचले या विचाराने अस्वस्थ होऊन, मी माझी त्या वर्षीची रोजनिशी काढली. कार्यालयीन पिशवीत असल्यामुळे ती पुरातून वाचली होती. तळमजल्यावरच्या कपाटातली वडिलांची सारी पुस्तके गेली, ही मात्र राहिली.

रविवारच्या नोंदीत भुसावळचा फोन आहे. त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘भाऊसाहेब उगीच घाबरतात. तिकडच्या पाण्याला उकाई समर्थ आहे.’ सोमवार, ७ ऑगस्टची नोंद याहून स्पष्ट आहे : ‘शेजारी सामान हलवायचे का विचारीत होते. ९८ ला पाणी आपल्या पायरीलाही लागले नव्हते, असे सांगितले. निर्धास्त झाले.’ मंगळवारी पहाटे पाणी दारातून आत आले. शेजाऱ्यांचे काय काय गेले, ते येथे लिहीत नाही.

रोजनिशी मिटवताना मला आणखी एक कागद आठवला आणि तो आठवला नसता तर बरे झाले असते. पुरानंतर काही महिन्यांनी एका कार्यालयातील अभिलेख नष्ट झाल्याच्या प्रकरणात चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. तळमजल्यावरील जुने दप्तर वेळीच वर हलवले नाही, असा तेथील एका कारकुनावर आरोप होता. उंच, किडकिडीत, बोलताना हात मागे बांधून उभा राहणारा मनुष्य. त्याने आपल्या जबाबात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : साहेब, अठ्ठ्याण्णवला पाणी आवारातही आले नव्हते. मी अहवालात लिहिले, की सदर सबब स्वीकारार्ह नाही. धोक्याची पूर्वकल्पना सर्वसामान्य नागरिकांनाही होती. कर्मचाऱ्याने दूरदृष्टी दाखवली नाही. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. अहवालाची स्थळप्रत माझ्याकडे नाही, पण ही वाक्ये मला पाठ आहेत, कारण ती मला चांगली साधली असे तेव्हा वाटले होते. ‘सर्वसामान्य नागरिक’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मीच होतो. तो गृहस्थ निवृत्त झाल्यावर थोड्याच वर्षांत गेला. वेतनवाढीचा निवृत्तिवेतनावर काय परिणाम होतो, हे मला हिशेबाने सांगता येते आणि तो हिशेब मी गेल्या महिन्यात करून पाहिला.

बैठकीत वाचलेला लेख मी संपादकांकडून परत मागून घेतला आहे. त्याच्या जागी रोजनिशीतील त्या आठवड्याच्या नोंदी, एकही शब्द न बदलता, छापाव्यात अशी त्यांना विनंती केली आहे. इतर सभासदांकडेही त्या दिवसांची पत्रे, हिशेबाच्या वह्या, दूधवाल्याच्या कार्डावरच्या खुणा असतील, तर त्या आठवणींशेजारी छापाव्यात, असे मी सुचवले आहे. दोघांनी होकार दिला. एका स्नेह्यांना माझी सूचना अपमानास्पद वाटली आणि ते तसे बोलूनही गेले.

पुरामुळे रोजनिशीत सहा दिवसांचा खंड आहे. त्यानंतरची पहिली नोंद सोमवार, १४ ऑगस्टची. चिखल उपसणे, पिण्याच्या पाण्याचा टँकर, वीज नाही, एवढे लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत मी लिहिले आहे : ‘भाऊसाहेबांचा फोन आला तेव्हाच मला शंका आली होती.’ ज्या पानावर मी ‘उगीच घाबरतात’ असे लिहिले होते, ते त्याच वहीत, एक पान मागे होते.